चुडामण नानांच्या विहिरींची वही

भडगाव तालुक्यातल्या त्या गिरणाकाठच्या गावात चुडामण नानांना कोणी शहाणं म्हणत नसे. ग्रामपंचायतीच्या नळाला पाणी सोडण्याची नोकरी संपली, तरी हा गडी दर अमावस्येला गाठी मारलेली दोरी खांद्यावर टाकून चौदा विहिरींवर फिरायचा. हाताहातावर एक गाठ. दोरी पाण्याला टेकली की कोरड्या गाठी मोजायच्या आणि वहीत लिहायच्या, बस. अकरा वर्षं हा उद्योग चालला होता. लोक हसायचे, नाना दोन शिव्या हासडून पुढच्या विहिरीकडे निघायचे. पाणी दरसाल खाली चाललंय हे गावात सगळेच बोलत, पण किती खाली गेलं ते फक्त नानांना ठाऊक होतं.

मग नदीच्या पात्रात खोल विहिरी खोदून पाणी दूरच्या कारखान्यांना न्यायचं ठरलं. पैसा परदेशातलं एक सरकार देणार होतं. त्यांच्याकडे म्हणे कायदाच आहे, की आपल्या सरकारचा पैसा दुसऱ्या देशात ओतायचा तर तिथल्या पाण्याचं, रानाचं काय होईल ते आधी तपासायचं. नुकसान दिसलं तर पैसा नाही. नानांना हे ऐकून हुरूप आला. आता आपल्या गाठी कामाला येणार! त्यात तपासणीचं काम मिळालेल्या पुण्याच्या कंपनीत कोण, तर एरंडोलच्या तानुबाईचा योगेंद्र. नानांचा सख्खा भाचा. चार वर्षं नानांच्याच घरी राहून शिकलेला.

योगेंद्रने फोन करून कळवलं, मोजमापाला आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, दोन दिवसांनी येतो, सणाला माणसं घरी सापडतात. नाना फोनवरच म्हणाले की अरे, आखाजीला सालदार गड्याचं वर्ष संपतं, जुना जातो, नवा यायचा असतो, चार दिवस कुणाची मोटर चालत नाही, विहिरी फुगून येतात. ते माप धरू नको. भाचा म्हणाला, मामा, म्हणून तर तुमची वही लागणार, ती जोडली की बरोबर कळेल.

योगेंद्र आणि कंपनीची माणसं आली. नानांनी सगळ्यांसमोर एकेका विहिरीत दोरी सोडली, पहिलीत अठ्ठावीस गाठी कोरड्या निघाल्या. पाचच दिवसांपूर्वी, चैत्री अमावस्येला, त्याच विहिरीत सदतीस होत्या. नानांनी तेही सांगितलं, योगेंद्रने मान डोलावली, कागदावर सही घेतली, फोटो काढला. जेवून निघताना, बाकीचे गाडीत जाऊन बसल्यावर, नानांनी वही त्याच्या हातात दिली. झुंबरबाई, नानांची बायको, म्हणाली होती की आधी भडगावला जाऊन झेरॉक्स काढून आणा. नाना तिच्यावरच उखडले. भाच्याला देताना झेरॉक्स काढायची, म्हणजे त्याला चोर म्हटल्यासारखंच की. विषय तिथेच मिटला.

श्रावणात अहवाल आला आणि मंदिरासमोर सभा भरली. परदेशी सरकारच्या एक बाई आल्या होत्या, त्यांचं बोलणं मराठीत सांगायला योगेंद्र. गावातली इंग्रजी येणारी पोरं सगळी पुण्या-सुरतेला. अहवालात लिहिलं होतं की भर उन्हाळ्यातही विहिरींना भरपूर पाणी आहे, नव्या विहिरींनी काही बिघडणार नाही. वहीचं नाव नाही. पानभर फोटो मात्र नानांचाच, खाली सही.

नाना उठले. अंगाची नुसती लाही झाली होती. माप आखाजीचं आहे, ते खरं नाही, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी योगेंद्रमार्फत विचारलं, सही तुमची का? होती. गाठी तुम्हीच मोजल्या का? मोजल्या होत्या. मग जुनी मापं दाखवा.

नानांनी भाच्याकडे बोट करून अहिराणीत सांगितलं. "वही याच्याजवळ शे."

योगेंद्र पुस्तकी मराठीत, सगळ्या सभेला ऐकू जाईल असं म्हणाला, "या गृहस्थांनी मला कोणतीही वही दिलेली नाही."

सभेत कुजबुज झाली. वही दिली तेव्हा घरात मामा, मामी आणि भाचा, चौथं कोणी नव्हतं, आणि बायकोची साक्ष कोण धरतं. झुंबरबाई बायकांत बसली होती. तिने पदर तोंडाशी धरला, नवऱ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर नानांना बरं वाटलं असतं. अकरा वर्षांचं पाणी गेलं, त्याहून ते 'गृहस्थ' त्यांना लागलं. याच पोराला तापात पाठीवर घेऊन ते भडगावच्या दवाखान्यापर्यंत चालत गेले होते.

नाना बाईंच्या अगदी समोर जाऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. "बाई, याले इचारा, मी याना कोन लागस."

बाईंनी काय म्हणतात म्हणून योगेंद्रकडे बघितलं. त्याने घाम पुसला आणि इंग्रजीत दोन वाक्यं सांगितली. काय सांगितलं देव जाणे. बाई हसल्या, नानांसमोर दोन्ही हात जोडले आणि शिकून आलेला एकुलता एक मराठी शब्द म्हणाल्या, "धन्यवाद."