दोन भावांचं नाणं

तातियावहिनी आयुष्यात स्वस्थ बसल्या असतील तर फक्त झोपेत. बाजारात त्यांचं उकडलेल्या हरभऱ्यांचं दुकान. हात हरभऱ्यांत, डोळे गिऱ्हाइकावर आणि तोंड नवऱ्यावर. नवरा पपियास आमच्या टाकसाळीत घण मारायचा, ठसे मी कोरायचो. काशाच्या नाण्यावर समोरासमोर दोन भाऊ, दोघंही सम्राट. "धाकट्याचं नाक सरळ कर बाबा, तिकडे रोमात हसतील," असं पपियास मला चिडवायचा.

हिवाळ्यात तो तापानं गेला. वहिनींनी त्यानंच पाडलेलं एक नाणं त्याच्या जिभेखाली ठेवलं, मेलेल्यांना पैलतीरावर नेणाऱ्या नावाड्यासाठी.

नवव्या दिवशी रोमहून हुकूम आला. थोरल्यानं धाकट्याला मारून टाकलं होतं. आता धाकट्याचा चेहरा प्रत्येक नाण्यावरून खरवडायचा. तो चेहरा असलेलं नाणं कुणी घ्यायचं नाही, द्यायचं नाही. ज्या हातानं कोरला त्याच हातानं मी छिन्नी चालवत बसलो. लाज वाटत होती, आणि भीतीही.

तेव्हापासून वहिनींचं चित्त थाऱ्यावर नाही. हरभरे करपायला लागले. दिवसातून चारदा माझ्यापुढे उभ्या.

"भावजी, नावाड्यानं नाणं नाकारलं तर? हे काठावरच राहतील. यांना थंडी सोसत नाही."

"वहिनी, मेल्यावर कसली थंडी?"

"तुम्ही कधी मेला होता? मग गप्प बसा."

शेवटी एका सकाळी आम्ही थडग्याशी गेलो. मृताला वाइन पाजायची मातीची नळी थेट खाली जाते, तिच्यातून देवीचा चेहरा असलेलं जुनं नाणं सोडायचं ठरलं होतं. वहिनी वाकल्या, उठल्या, पुन्हा वाकल्या.

"हे तरी चालेल ना?"

मला राहवेना. आसपास कुणी नाही हे बघून म्हणालो, "वहिनी, पहिल्या नाण्यावर ज्याचा चेहरा, तोही मेलाच ना? म्हणजे त्याच नावेतून गेला. नावाड्यानं त्याला समोर बसलेलं पाहिलंय. तिथं कुणाचा हुकूम चालणार?"

वहिनी नाणं कनवटीला लावून खाली बसल्या आणि रडल्या, पपियास गेल्यापासून पहिल्यांदाच.

परतताना मी त्यांना सांगून ठेवलं. माझ्या कामाच्या पाटाखाली एक नाणं पुरलंय, न खरवडलेलं. मी गेलो की तेच माझ्या जिभेखाली ठेवा. पलीकडे तो धाकटा पोरगा भेटला, तर मी त्याला कोरलं होतं एवढं तरी दाखवता येईल.