प्रत्येक खोलीत एक सोनेरी कार्ड

बोमाँटच्या शाळांच्या एकशे चार बस वर्डेल गिलरीनं एकतीस वर्षं एका खुर्चीत बसून चालवल्या. स्टिअरिंगला कधी हात लावला नाही. कुठली बस किती वाजता निघाली, कुणाचं टायर बसलं, कुठलं मूल थांब्यावर राहिलं, हे सगळं तिच्या निळ्या वहीत असायचं. पुढं खात्यानं संगणक आणला. संगणक म्हणायचा बस पोचली, वही म्हणायची नाही पोचली, आणि दर वेळी वहीच खरी निघायची. ती निवृत्त झाली त्या दिवशी साहेबानं हे भर सभेत कबूल केलं. त्याचा अभिमान तिला अजून आहे आणि तो ती लपवत नाही.

अशी बाई माउंट नीबो चर्चच्या दारमंडळाला मिळाली, हे मंडळाचं भाग्य. दर रविवारी पांढरा गणवेश आणि पांढरे हातमोजे घालून चर्चच्या दाराशी उभं राहायचं, येईल त्याला त्याच्या जागेवर नेऊन बसवायचं, हे या बायकांचं काम. बोलायचं नाही, सगळं खुणांनी. डावा हात पाठीमागं. उजवा तळवा वर केला की थांबा, दोन बोटं दाखवली की पुढं दोन जागा आहेत. या बायकांना वर्डेलनं अकरा वर्षांपूर्वी गॅल्व्हस्टन बंदरातून मेक्सिकोला जाणाऱ्या सहलीच्या बोटीवर पहिल्यांदा नेलं, आणि तेव्हापासून दर मे महिन्यात आठवडाभर नेते आहे.

पुढं घोळ केला तो कार्डांनी. बोटीवर जितक्या रात्री जास्त काढाल, तितकं कार्ड वरचं. आधी निळं, मग रुपेरी, मग सोनेरी. सोनेरीवाल्यांना वेगळी रांग, त्यांनी आधी चढायचं. काही जणी अध्येमध्ये नवऱ्यांबरोबर, लेकींबरोबरही जायला लागल्या आणि सोनेरी झाल्या. बाकीच्या मागं राहिल्या. गेल्या मे महिन्यात सोनेरी बायका पुढं जाऊन खिडकीपाशी जेवायला बसल्या आणि निळ्या बायका दीड तासानं घामाघूम होऊन वर पोचल्या. मग आठवडाभर मंडळात दोन तट. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांना आत घेतलं, त्यांनीच दारात एकमेकींना मागं टाकावं, याची वर्डेलला मनापासून लाज वाटली.

घरी आल्यावर तिनं बोट कंपनीचं नियमपत्रक शेवटच्या बारीक अक्षरापर्यंत वाचलं. त्यात एक गोष्ट सापडली. सोनेरी कार्डवालीला आपल्या खोलीतली जोडीदारीण बरोबर त्याच रांगेत आणता येते. झालं, हिवाळाभर जेवणाच्या टेबलावर अठरा चिठ्ठ्या मांडून बाईंचा पट सुरू. अठरा बायका, नऊ खोल्या, नऊ सोनेरी कार्डं. प्रत्येक खोलीत एक. नववं सोनेरी कार्ड तिचं स्वतःचं. पंच्याहत्तर रात्रींना ते मिळतं आणि वहीप्रमाणे तिच्या सत्त्याहत्तर झाल्या होत्या. कंपनीच्या कागदावर तिच्या नावापुढं निळं छापून आलं, तेव्हा तिनं तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला. मशीन चुकतं, हे तिला काय नवीन होतं?

आपल्या खोलीत तिनं मदर टिलमनना घेतलं. ल्युटिशा टिलमन अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. सगळं चर्च त्यांना मदर म्हणायचं. एकोणीस वर्षांच्या वर्डेलला हातमोजे चढवायला आणि खुणा करायला शिकवलं ते त्यांनी. बोटीवर त्या कधी आल्या नव्हत्या. जानेवारीत त्या इस्पितळात होत्या आणि वर्डेल उशाशी बसली होती. तेव्हा त्या म्हणाल्या, "सत्तर वर्षं मी लोकांना आत सोडलं गं. एकदा तरी कुठंतरी सगळ्यांच्या आधी मला आत जायचंय."

"मे महिन्यात बोटीवर सगळ्यांत पहिल्या तुम्ही," वर्डेल म्हणाली. "माझा शब्द."

या पायी सख्खी धाकटी बहीण अर्लीन दुखावली. अकरा वर्षं दोघी बहिणी एका खोलीत असायच्या. यंदा सोनेरी अर्लीनच्या गळ्यात निळी डोलोरेस बांधली, आणि डोलोरेसच्या घोरण्यापायी तिच्या नवऱ्यानं वेगळी खोली केली होती. ईस्टरपासून अर्लीननं बहिणीशी बोलणं टाकलं होतं. काही सांगायचं झालं तर हवेत सांगायची.

निघायच्या दिवशी सकाळी सगळ्या चर्चच्या बसमध्ये बसल्या, वाटेत पंपावर गरमागरम बूदँ, म्हणजे भात-मांस भरलेलं सॉसेज, खाल्लं आणि बोलिव्हारच्या फेरीबोटीवरून गॅल्व्हस्टनला उतरल्या. धक्क्यावर हजारभर माणूस. सोनेरी रांगेचा दोर अजून उघडायचा होता आणि वर्डेलनं आपल्या अठरा जणींना त्याच्या तोंडाशी आणून उभं केलं. सगळ्यांत पुढं काठी टेकत मदर टिलमन. मागून कुणीतरी म्हणालं, "या बायकांची शिस्त बघा." वर्डेलची मान आणखी ताठ झाली.

टेबलामागे यादिरा नावाची तरुण मुलगी होती. तिनं वर्डेलचा कागद पाहिला, पुन्हा पाहिला.

"बाई, तुमचं कार्ड निळं आहे. तुम्हाला आणि या आजींना त्या पलीकडच्या रांगेत जावं लागेल."

"मशीन चुकलंय, बाळ," वर्डेलनं वही उघडली. "हे बघ. सत्त्याहत्तर रात्री. तारखांसकट."

यादिरानं खरंच सगळ्या तारखा वाचल्या. "वही बरोबर आहे तुमची. पण यातली नऊ वर्षं तुम्ही गटप्रमुखाच्या मोफत तिकिटावर आलात ना? त्या रात्री मोजत नाहीत. तुमच्या चौदाच धरल्यात."

वर्डेलनं वही मिटली. सोळा तिकिटांमागं एक मोफत, ते गटप्रमुखाच्या नावानं यायचं, म्हणून ती त्यावर जायची. नियमपत्रक शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं होतं, पण स्वतःसाठी वाचलंच नव्हतं. नऊ खोल्यांपैकी आठ बिनचूक, आणि चुकली ती नेमकी मदर टिलमनची.

"काय झालं?" मदर टिलमननी विचारलं.

"काही नाही. एक मिनिट," वर्डेल म्हणाली. तिला त्यांच्याकडं बघवेना.

खोल्या बदलता येतील का, तिनं विचारलं. दोघी तयार असतील तर आत्ता बदलते, यादिरा म्हणाली. वर्डेल मागं वळली. दुसऱ्या नंबरवर अर्लीन उभी होती, हाताची घडी घालून, आणि तिनं सगळं ऐकलं होतं. ईस्टरपासून धरलेला ताठा गिळणं वर्डेलच्या जिवावर आलं, पण तिनं तो गिळला.

"अर्लीन, चुकलं माझं. मदरना तुझ्या खोलीत घे. त्यांना पहिलं आत ने."

अर्लीन आधी हवेतच बोलली. "कोणीतरी म्हणायचं, वही कधी चुकत नाही." मग सहा आठवड्यांत पहिल्यांदा तिनं बहिणीच्या डोळ्यांत पाहिलं. "नेते. नेणार नाही तर काय? मला विचारलं असतंस तर जानेवारीतच घेतलं असतं त्यांना. विचारलंस कुठं? चिठ्ठी हलवलीस टेबलावर."

"चुकलं म्हटलं ना."

"ऐकलं. आणि डोलोरेस आता तुझी, ध्यानात ठेव. पहिले दोन तास पाठीवर, पुढं कुशीवर."

"मी इथंच उभी आहे बरं का," डोलोरेस म्हणाली. "मला काय, कुठंही झोप लागते."

दोर सुटला. सगळ्यांच्या पुढं मदर टिलमन गेल्या, अर्लीनच्या हाताला धरून, मागं चौदा पांढरे ब्लाउज. वर्डेल आणि डोलोरेस निळ्या रांगेच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. तास गेला, वर वीस मिनिटं गेली. शब्द पाळला गेला, असं वर्डेल मनाशी म्हणत होती. तरी ते पहिलं पाऊल आपल्याला बघायला मिळालं नाही, याचं तिला वाईट वाटत होतं.

बोटीवर चढायच्या पुलावरचं शेवटचं वळण घेतलं आणि ती थबकली. बोटीच्या दाराच्या आत, स्वागताला उभ्या असलेल्या खलाशाशेजारी मदर टिलमन उभ्या होत्या. हातात पांढरे मोजे, डावा हात पाठीमागं, उजव्या हातानं येणाऱ्याला वाट दाखवत होत्या. बगलेला अर्लीन काठी धरून होती. कुणीतरी खुर्ची आणून दिली होती, तिच्यावर त्यांनी पर्स ठेवली होती.

"बसतच नाहीत गं," अर्लीन म्हणाली. "सांगून सांगून थकले. कॅप्टनपण येऊन सांगून गेला."

मदर टिलमननी डोलोरेसला आत घेतलं आणि वर्डेलसमोर तळवा वर केला. वर्डेल थांबली.

"सगळ्या आल्या?"

"आल्या. मी शेवटची."

"मग ठीक."

"मदर, तुम्हाला पहिलं आत जायचं होतं ना? मी काय काय केलं त्यासाठी."

"गेले की पहिली. सगळ्यांच्या आधी आत गेल्याशिवाय दार धरता येतं का? हे तुला मीच शिकवलंय." त्यांनी मोजे काढून वर्डेलच्या हातात दिले. "आता पाय दुखतायत."

वर्डेलनं ते मोजे चढवले, डावा हात पाठीमागं घेतला, उजवा पुढं केला, आणि वरच्या मजल्यावर खिडकीपाशी, जिथं चौदा जणी चार खुर्च्या रिकाम्या ठेवून खोळंबल्या होत्या, तिथं मदर टिलमनना नेऊन बसवलं.