नितीनच्या पाठीवरच्या गाठी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नितीनला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय.

नितीन माझा धाकटा भाऊ. दोघंही चाकणच्या एकाच कंपनीत — तो मशीनवर, मी मोजमापाच्या लॅबमध्ये. पार्टची मापं हलू नयेत म्हणून तिथला एसी कायम वीसवर. त्या गारव्यात माझ्या दंडावरच्या बारीक लालसर गाठी ठणकायच्या. एसीला शिव्या घालत दोन वर्षं काढली, मग पिंपरीत त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक गाठ काढून तपासली, रक्तही तपासलं. गाठी साध्याच होत्या. पण हा दोष आईवडिलांकडून रक्तातच येतो, म्हणाल्या, आणि अशा घरात किडनीचा कॅन्सर होऊ शकतो. "तुमचा एमआरआय करा. आणि भावंडांना आजच सांगा."

एमआरआय मी त्याच आठवड्यात केला. काही निघालं नाही.

आणि नितीन? त्याच्या पाठीवर तशाच गाठी होत्या — एकाच घरात राहायचो, मला रोज दिसायच्या. "ताई, कूलंटनं उठलंय गं," म्हणायचा. मशीनवरचं ते तेलपाणी अंगावर उडतंच. मी म्हणायचे, हो, त्यानंच. खोबरेल लाव.

का? मी पर्मनंट व्हायला सहा महिने उरले होते. नऊ वर्षं काँट्रॅक्टवर काढलेली. नितीनच्या पोटात काही राहायचं नाही. कँटीनमध्ये बोलला असता, एचआरपर्यंत गेलं असतं, मेडिकलमध्ये माझी फाइल अडली असती. खरंच अडली असती? मी कुणाला विचारलंसुद्धा नाही. पत्र हातात आलं की सांगू, असं ठरवलं. पत्र आलं, पेढे वाटले. मग सांगायचं तर — इतके दिवस का लपवलंस, तेही सांगावं लागणार. नाहीच सांगितलं. भित्रेपणा, दुसरं काही नाही.

पुढच्या वर्षी त्याच्या लघवीतून रक्त गेलं. तोवर कॅन्सर किडनीबाहेर पसरला होता. पाठ बघून डॉक्टरांनी विचारलं, या गाठी कधीपासून? "कूलंटच्या आहेत त्या," तो म्हणाला. मी शेजारी उभी होते.

डॉक्टरांनी त्याला सगळं समजावलं. तेव्हापासून रहाटणीच्या घरात पडल्या पडल्या तो माझ्या मागे लागला. "ताई, तुझ्या दंडावर पण आहेत. तपासून घे. माझ्यासारखा उशीर नको करू."

मी पुन्हा एमआरआय केला. पहिल्यांदाच केल्यासारखा रिपोर्ट त्याच्या हातात दिला. वाचून तो रडला. "वाचलीस गं," म्हणाला.

त्यानंतर तो सात आठवडे होता. त्या सात आठवड्यांतही मी बोलले नाही.