दहा शेअरांचे मालक

आमच्या नारायण पेठेत एका विमान कंपनीचे मालक राहतात. तिचे दहा शेअर त्यांच्याकडे आहेत, बाकीचे किरकोळ लोकांकडे. स्वतः ते विमानात कधी बसले नव्हते; पण कारभाराचा अहवाल वर्षभर चहाच्या दुकानात आम्हाला मिळे. "यंदा आपण नवी विमानं मागवली. एक छोटी कंपनी गिळली. फुकटचं सँडविच बंद केलं, लोक माजले होते."

चहावाला म्हणाला, "मालक, एखादं आपल्या गल्लीत उतरवा की."

"उतरवलं असतं. तुमची स्कूटर आडवी असते."

परवा नातीच्या बारशाला ते त्याच कंपनीच्या विमानाने नागपूरला निघाले, मी सोबतीला. विमानाला दोन तास उशीर. काउंटरवरच्या पोरीला प्रवासी फाडून खात होते. मालकांना ते बघवेना. बाळंतिणीसाठी नेलेले डिंकाचे लाडू त्यांनी पिशवीतून काढले आणि एकेकाच्या हातावर ठेवत हात जोडले, "क्षमा असावी, यंदा आपला व्याप फार वाढलाय." आमच्या रांगेतली माणसं संपल्यावर ते शेजारच्या दिल्लीच्या रांगेची माफी मागू लागले. तेवढ्यात आमच्या विमानात माणसं सोडायला लागले; मी बाही ओढून उसवली, तरी हलेनात. परतलो तेव्हा दार बंद झालं होतं.

मी त्या पोरीला म्हणालो, "अहो, सोडा यांना, हे मालक आहेत."

त्यांनी मलाच दटावलं, "वशिला नको. एका माणसासाठी विमान थांबवलं तर कंपनी बुडेल."

मग काचेला नाक लावून त्यांनी लेकीला फोन केला, "निघालं बघ आपलं विमान. मी नाहीये त्यात."