ब्रेकअण्णांनी न तपासलेली गाडी

ब्रेकअण्णांचा कुणावरही विश्वास नव्हता. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी ते आधी एका औषधाच्या दुकानात दाखवत, मग दुसऱ्यात, आणि तरी अर्धीच घेत. रस्त्याने जाणाऱ्याला वेळ विचारत आणि त्याने सांगितल्यावर त्याच्याचकडे संशयाने बघत. ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा आला की त्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. "एवढं नीट सील कशाला लावलंय? आत काय तरी असणार." मग दोन थेंब बोटांवर घेऊन चोळायचे, वास घ्यायचे, आणि डबा दोन दिवस कोपऱ्यात ठेवायचे. दोन दिवसांत त्या डब्याने काय कबूल करावं अशी त्यांची अपेक्षा होती, मला कधी कळलं नाही.

हुबळीच्या कमरीपेठेत त्यांचं दुकान होतं. घराणं मूळचं कागलकडचं, पण तीन पिढ्या इथेच गेल्यामुळे मराठीत सुरू झालेलं वाक्य कन्नडमध्ये संपायचं. कुणी काहीही सांगितलं की अण्णा म्हणत, "नोडोण." म्हणजे बघूया. अण्णांच्या तोंडी त्याचा अर्थ, तू थापा मारतोयस.

गिऱ्हाइकाची तक्रार ते ऐकूनच घेत नसत. "तोंड राहू दे, पॅड दाखव," म्हणत आणि झिजलेलं पॅड उजेडात धरून बघत बसत. एकदा धारवाडचे एक वकील आले. गाडी फक्त घर ते कोर्ट एवढीच चालते म्हणाले. अण्णांनी निळसर पडलेल्या डिस्कवरून बोट फिरवलं. "साहेब, ही गाडी घाट उतरल्या. पाय ब्रेकवर ठेवूनच उतरल्या." वकीलसाहेब घाईने निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी रिक्षाने आल्या आणि विचारू लागल्या, कुठला घाट? अण्णा म्हणाले, "ते ब्रेक सांगत नाही, वहिनी."

दोन हजार सालच्या आसपास मी एक लाल, चपळ गाडी घेतली. आमचं कापडाचं दुकान बरं चाललं होतं आणि मला वेगाची खाज होती. पुढच्या चाकांना अण्णांनी मोठी डिस्क बसवून दिली. पण तेव्हा अलॉय व्हीलची फॅशन आली होती आणि त्या चाकांच्या काड्यांमधून मागचा गंजका ड्रम दिसायचा. मला मागेही डिस्क हवी झाली.

"कशाला?" अण्णा म्हणाले. "गाडी थांबवायला का दाखवायला?"

"दोन्हीला, अण्णा."

"म्हणजे दाखवायला."

महिनाभर मागे लागल्यावर त्यांनी ती बसवली, पण बॉनेटखाली, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या नळीत एक पितळी व्हॉल्व्हही घातला. त्याची मूठ फिरवली की मागच्या ब्रेकचा जोर कमीजास्त व्हायचा. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे जातो आणि मागची चाकं हलकी होतात. ती आधी अडली तर काय होतं, ते अण्णा तीन शब्दांत सांगत. "शेपूट पुढं येतं."

मूठ किती फिरवायची हे ते अंदाजाने ठरवत नसत. धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यांमागचा रस्ता रविवारी सकाळी मोकळा असे. तिथे चारही टायरांवर ते खडूने जाड रेघा ओढत, मला वेगाने येऊन ब्रेक दाबायला लावत आणि स्वतः रस्त्याकडेला उकिडवे बसून कुठली रेघ आधी थांबते ते बघत. असं वीसेक वेळा झालं. शेवटी मनासारखं जमल्यावर त्यांनी मुठीवर अक्कांची, म्हणजे आपल्या बायकोची, लाल नखपॉलिश लावली. "हे फुटलेलं मला दिसायचं नाही. आणि महिन्यानं परत दाखवायचं."

वाण नाही पण गुण लागला म्हणतात, तसं माझं झालं. मला अण्णांचाच संशय येऊ लागला. एवढ्या हौसेने घातलेली मागची डिस्क जणू नुसती झोपा काढत होती. आपलं म्हणणं खरं करायला अण्णांनी मुद्दामच तिचा गळा आवळला असणार, अशी माझी खात्री झाली. एका दुपारी मी पॉलिश फोडली आणि मूठ दीड वेढा फिरवली. धारवाडच्या सरळ, कोरड्या रस्त्यावर गाडी काय सुरेख थांबली. चोर पकडल्याचा आनंद झाला मला.

महिन्याने मी आणि धाकटा भाऊ संजू कारवारला निघालो. जाताना दुकानासमोर थांबलो, कारण नाही थांबलो असतो तर अण्णांना संशय आला असता. ते खडू घेऊनच बाहेर आले. बॉनेट उघडलं तर फुटलेली पॉलिश दिसणार, म्हणून मी गाडीतूनच म्हणालो, "अण्णा, मी रविवारीच बघितलं. बेलूरला नेऊन. पुढचीच आधी अडतात."

"खडू लावून बघितलंस?"

"हो."

मी "नोडोण"ची वाट बघत होतो. अण्णांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि खडू खिशात टाकला. "मग झालं. जावा." मागे वळून अक्कांना म्हणाले, "हा शिकला बघ." त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान मी कधी बघितलं नव्हतं. त्यांना फसवता आलं याचाच मला तेव्हा अभिमान वाटला, हे सांगायला आज लाज वाटते.

यल्लापूरच्या अलीकडे उताराच्या वळणावर म्हैस आडवी आली. रस्ता नुकताच ओला झाला होता. मी ब्रेक दाबला आणि शेपूट पुढे आलं. गाडी गर्रकन फिरून डाव्या बाजूने झाडावर आदळली. त्या बाजूला संजू बसला होता. त्याच्या गुडघ्याचा चुरा झाला. तो आजही पाय ओढत चालतो.

अण्णा दवाखान्यात आले ते एकच विचारत. "गाडी कुठाय? मला बघू दे." तीन दिवस रोज विचारलं. मी ती घाईघाईने मोडीत देऊन टाकली होती आणि का दिली ते मला चांगलं ठाऊक होतं. "काही उरलं नाही, अण्णा," मी म्हणालो. ते आपल्या तळहाताकडे बघत उठले.

त्यानंतर त्यांनी मोटारींना हात लावला नाही. स्कूटरच्या ब्रेकचे लायनर तेवढे बदलायचे, तेही दोनदा उघडून बघायचे. शेजारचा टायरवाला बसप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, अण्णांचा हात गेला. जगातल्या प्रत्येकावर संशय घेणाऱ्या त्या माणसाने खऱ्या गुन्हेगारावर तेवढा घेतला नाही. सगळा स्वतःवर घेतला. हे मी पाच वर्षं बघत होतो. संजूला मी सगळं सांगितलं होतं. तो एवढंच म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? माझा पाय गेला तो गेला. त्यांचा हात तर धड आहे."

अण्णा वारले त्याच्या आदल्या वर्षी मी शेवटी गेलो. दुपारची वेळ होती, ते दुकानात एकटेच बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मूठ मी फिरवली होती, खडू लावलाच नव्हता.

"कुठल्या बाजूला फिरवलीस?"

"उजव्या."

"किती?"

"दीड वेढा."

त्यांचं बोट हवेत दीड वेढा फिरलं. मी शिव्यांची वाट बघत होतो, खरं तर मला त्या हव्या होत्या. पण त्यांनी आत हाक मारली. "अगं, बाहेर ये. हा काय म्हणतोय ऐक." अक्का हात पुसत आल्या. "परत सांग," अण्णा म्हणाले. मी परत सांगितलं. अक्का माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाल्या, "मी तेव्हापासनं सांगत होते. तुमच्या हातनं नाही व्हायचं ते."

अण्णांनी डोळे पुसले आणि मला म्हणाले, "बसप्पाला बोलावून आण."

बसप्पा आला. मी तिसऱ्यांदा सगळं सांगितलं, या वेळी कन्नडमध्ये. मी बोलत होतो तोवर अण्णांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. ते बसप्पाच्या तोंडाकडे बघत होते, त्याला पटतंय की नाही ते.