अंड्याचा रुपया, धाबळीचा रुपया

चांदी काळी पडते असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. "किती काळी पडलीय? आणा बघू," एवढंच म्हणते. मग ते नाणं उजेडात धरते आणि आवडलं तर विकत मागते. माझ्या वयाच्या बायका गुडघ्यांवर बोलतात, मी नाण्यांच्या रंगावर बोलते. कुणाला हा चळ वाटत असेल तर खुशाल वाटो. या चळाची फी मी तरुणपणीच भरलेली आहे, आणि ती लई महाग पडली.

तरुणपणी म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात. औरंगपुऱ्याच्या मागच्या एका गल्लीत आम्ही चौघं राहत होतो. सासूबाई, आमचे हे, धाकटे दीर आणि मी. सासरची माणसं आधी भिक्षुकी करणारी, मग कारकुनी करणारी. पगार कारकुनीचा, सोवळं मात्र भिक्षुकीचं. सासूबाई लोकरीची धाबळी नेसल्याशिवाय चुलीला हात लावत नसत, आणि धाबळी नेसल्यावर आम्हांला लावत नसत. मी मॅट्रिक पास झालेली, आणि त्यापायी जगातलं सगळं कळतं असं समजणारी. ती पोरगी आज माझ्यासमोर आली तर तिच्या हातातली पिशवी काढून घेऊन सांगेन, बाई गं, शहाणपणा नंतर कर, आधी वास घे.

त्या वर्षी देवगाव रंगारीकडून, कन्नडकडून माणसं सराफ्यात यायची, अंगावरची चांदी मोडायला. त्यात हाली रुपयांच्या माळा असत. हाली म्हणजे निजामाच्या राज्यात चालणारा रुपया, मधोमध चारमिनार, कमानीत एक फारसी अक्षर. सराफ तो तोळ्यावर घ्यायचा आणि मुशीत टाकायचा. मला ते बघवायचं नाही. एवढे मिनार एका मुशीत वितळायचे आणि कुणी हूं की चूं करायचं नाही.

तर सराफ्याच्या तोंडाशी एक माणूस फडकं पसरून बसला होता. फडक्यावर एकच रुपया वेगळा ठेवलेला, निळा. मोराच्या मानेसारखा गर्द निळा, मधे कुठं जांभळा. मी थांबले. थांबायलाच नको होतं.

"बाई, हा रंग हजारांत एकाला येतो," तो म्हणाला. "खजिन्यातला आहे. पुन्हा दिसायचा नाय."

माझ्या कनवटीला पैसे होते, ते पत्र्याच्या ड्रमासाठी साठवलेले. नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि घरात पाणी साठवायला दोन कळशा नि एक हंडा. तरी मी तो रुपया हातात घेतला. काठाच्या बारीक दात्यांत काहीतरी पिवळं वाळलेलं होतं. मी लगेच ओळखलं, हळद! म्हणजे हा पूजेतला. विकणाऱ्यानं भाव एकदा सांगितला होता, त्यानंतर तो गप्प होता. पुढचा भाव मीच माझ्या मनात चढवत नेला. शेवटी थोडी घासाघीस करून अगदी किरकोळ रक्कम कमी करून घेतली आणि लढाई जिंकल्यासारखी घरी आले. रुपया देव्हाऱ्यात ठेवला. सासूबाईंनीही हळद पाहिली, मान हलवली आणि रोज त्यावर अक्षता वाहू लागल्या.

काही महिन्यांनी मला बढाई मारायची हुक्की आली. औरंगपुऱ्यात एका जिन्याखाली जुन्या नाण्यांचं दुकान होतं. तिथं जाऊन भाव विचारायचा आणि घरी येऊन सांगायचा, असा बेत. सोबतीला धाकटे दीर. दुकानदार दखनी बोलणारा, बारीक मिशांचा, बोलायच्या आधी दोनदा हसणारा. त्यानं रुपया घेतला, नाकाशी नेला आणि या वेळी तीनदा हसला.

"बाई, इसकू अंडा लगाया."

"काय लावलं?"

"अंडा. उबला हुआ. गरम अंडे के साथ थैली में बंद करो, फिर निकालो, नीला हो जाता. ये किनारे पे पीला है ना, बलक है उसका. सूंघो."

मी वास घेतला. वास मला पहिल्या दिवसापासून येत होता हो! पण अंड्याचा वास कसा असतो हे मला ठाऊक असायला नको का? आमच्या घरात तो शब्दसुद्धा कुणी मोठ्यानं म्हणत नसे. मला वाटलं, जुन्या चांदीला असाच वास येत असेल. बाकी कुठल्याही घरातल्या पोरानं फडक्यासमोर उभं राहून सांगितलं असतं. फसायला आमच्याच घरातली बाई लागत होती.

दीर दुकानाबाहेर जाऊन पोट धरून हसत होते. घरी पोचेपर्यंत त्यांनी कसंबसं दाबलं, आणि उंबऱ्यातच ओरडले, "आई, वहिनीनं देव्हाऱ्यात अंडं ठेवलंय!"

सासूबाईंनी देव्हारा उतरवला, एकेक देव धुतला, पाट धुतला, भिंत पुसली. दोन्ही कळशा रिकाम्या झाल्या. मग रिकाम्या कळशीकडं बघून म्हणाल्या, "अंडं परवडलं गं. पाणी नाही परवडत."

ड्रम असता तर परवडलं असतं, हे त्या बोलल्या नाहीत. मला ऐकू आलं.

त्या दिवसापासून मी अंडेवाली वहिनी झाले. कुठलीही खरेदी असो, साडी, सायकल, दुधी भोपळा, दीर विचारायचे, "वहिनी, वास घेतला का?" आमचे हे वर्तमानपत्राआडून हसायचे. नातेवाईक आले की गोष्ट पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी एखादी असती तर तिनं नाण्यांचं नाव टाकलं असतं. मी पुढच्याच आठवड्यात त्या जिन्याखाली जाऊन उभी राहिले.

"अब क्या लाए, बाई? कोंबडी?"

"काही आणलं नाही. खरा रंग कसा असतो ते दाखवा."

त्यानं हसून स्टूल पुढं सरकवलं. पुढं किती वर्षं मी त्या स्टुलावर बसले याचा हिशोब ठेवलेला नाही. भाजीला जाते म्हणून जायची, जुडीभर मेथी घेऊन यायची. खरा रंग पायरी सोडत नाही, हे तिथं कळलं. आधी पिवळसर, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा, आणि काठाशी गेला तर हिरवट. आमच्या अंड्यानं सगळ्या पायऱ्या गाळून निळ्यावरच उडी मारली होती. नाणं उजेडात कलतं केलं की खऱ्या रंगाच्या खालून चकाकी फिरते, ताटलीतलं पातळ तूप फिरावं तशी. खोट्यात चकाकी मेलेली असते. आणि भावाचं म्हणाल, तर साध्या नाण्याचा भाव बाजारात कुणीही सांगतो. रंगाचा भाव कुठं लिहिलेला नसतो. तेव्हा आधी डोळे मिटून साध्याचा भाव धरायचा, मग डोळे उघडायचे आणि आपल्याला किती मोह होतो ते बघायचं. त्यातला अर्धा मोह घरी ठेवून यायचा. उरलेल्या अर्ध्याचे पैसे द्यायला हरकत नाही. हे मात्र मला कुणी शिकवलं नाही. सराफ्याच्या तोंडाशी मी सगळाच मोह सोबत घेऊन गेले होते, त्यातून कळलं.

आणखी एक गोष्ट मी शिकले, ती दुकानदाराला कधी सांगितली नाही. नाणं आवडलं की तो तोंडानं त्याची निंदा करायचा, पण हातातून खाली ठेवायचा नाही.

मग शहर फुगलं. कारखाने आले, गल्लीत स्कूटरी आल्या, आणि एक दिवस भिंतीवर लाल खूण आली. रस्ता रुंद होणार, आमच्या दोन खोल्यांतली दीड खोली जाणार. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. दिरांनी फ्लॅट घेतला, आम्ही पडेगावला घर बांधलं. तिथं तेव्हा आजूबाजूला नुसता मुरूम. त्या साली पुन्हा पाऊस नव्हता, टँकर आला की बायका बादल्या घेऊन पळायच्या, त्यांच्यात मीही.

वाटणीच्या दिवशी दिरांनी ओळखीच्या सोनाराकडून काटा आणला. घरातली चांदी ती केवढी! एक जड तबक, दोन वाट्या, काही रुपये. जाऊबाईंनी घासायला चिंच भिजत घातलेलीच होती. मी सासूबाईंची ट्रंक उपसत होते. तळाशी त्यांची जुनी धाबळी, आणि तिच्या पदराच्या टोकाला गाठ. गाठ सोडली तर हाली रुपया.

मी तो खिडकीशी नेला. मधे चारमिनार फिकट सोनेरी, भोवती तांबूस, मग जांभळा, काठाला निळा आणि निळ्याच्या कडेला हिरवी रेघ. एकही पायरी गाळलेली नव्हती. आणि रंगावर बारीक जाळी उमटलेली, धाबळीच्या विणीची. सासूबाईंनी तो कधी बांधला कोण जाणे, लग्नात आलेला असेल. गाठ त्यांनी कधी सोडलीच नव्हती.

"अगंबाई, हा किती काळा झालाय," म्हणत जाऊबाईंनी तो चिंचेच्या पाण्यात टाकायला हात पुढं केला.

"हात लावायचा नाही!" मी ओरडले. सगळे दचकले. मीही.

दीर म्हणाले, "वहिनी, एक तोळ्याचासुद्धा नाही तो."

"मला हाच द्या. तबक तुम्हांला."

"आणि वाट्या?"

"त्याही घ्या."

दिरांनी ह्यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "मी अंड्याच्या वेळीही काही बोललो नव्हतो."

"वहिनी, पुन्हा तेच?" दीर आता हसत नव्हते, त्यांना माझी दया येत होती. ती मला हसण्याहून जास्त लागली. "याला तबकापेक्षा जास्त पैसे कुणी दिले ना, तर मी तुमच्यासमोर उकडलेलं अंडं खाईन."

"ठरलं, भावजी. चला माझ्याबरोबर."

"नुसता भाव ऐकून चालायचं नाही. पैसे हातात यायला पाहिजेत."

इथं मी अडकले. विकायचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. पण न घेतलेला भाव म्हणजे गप्पा, हे मला त्या स्टुलावर बसूनच कळलं होतं. रुपया ठेवला असता तर मी मरेपर्यंत अंडेवालीच राहिले असते.

दुकानदाराची मिशी पांढरी झाली होती. त्यानं रुपया घेतला, सवयीनं नाकाशी नेला. "आपा, ये ऊन की बास है."

"धाबळीची."

"तो बात तो वहीच हुई ना. अंडे में गंधक, ऊन में गंधक, चांदी पे रंग उसीच से चढ़ता." त्यानं एक भाव सांगितला. तबकाच्या पाव हिश्श्याचा.

दिरांचा चेहरा उजळला. मला मात्र हसू फुटलं. जन्मभर आम्हांला शिवू न देणारी ती धाबळी आणि ते अंडं, दोघांचं काम एकच! सासूबाई असत्या तर पुन्हा दोन कळशा लागल्या असत्या.

"गंधक तेच असेल," मी म्हटलं. "पण अंड्यानं उरकलं, धाबळीनं जन्म घालवला. तुम्ही कशाचे पैसे देताय?"

"जाली का निशान कोई भी बनाता आजकल."

मी पिशवीतून धाबळीचं ते टोक काढलं आणि काचेवर पसरलं. त्यानं रुपया त्यावर ठेवून फिरवला, वीण विणीला लागली. मग त्यानं तो पुन्हा उचलला. वजन कमी म्हणाला, चांदी हलकी म्हणाला, गिऱ्हाईक राहिलं नाही म्हणाला. मी ऐकतच नव्हते. मी त्याच्या बोटांकडं बघत होते. रुपया खाली ठेवला जात नव्हता.

"दोन तबकं," मी म्हटलं.

"क्या?"

मी तबकाची किंमत सांगितली आणि तिची दुप्पट मागितली. तो उठून उभा राहिला, बसला, चहा मागवला. एका तबकावर आला. मी पिशवी उचलली. सव्वावर आला. मी जिन्यापर्यंत गेले. दिरांनी माझी बाही ओढली, "वहिनी, झालं की जिंकलात, घ्या ना!"

"भावजी, तुमच्यासाठी नाही मागत मी. त्या रुपयासाठी मागतेय."

दीड तबकावर सौदा पटला. त्याला द्यायला जड गेलं, मला सोडायला जड गेलं. अशा वेळी भाव बरोबर आहे असं समजावं. धाबळीचं टोकही त्यानं मागितलं. म्हटलं, सासूबाई विकायला काढलेल्या नाहीत.

त्या पैशांतून पडेगावच्या गच्चीवर काळी टाकी बसली. अंड्याचा रुपया अजून माझ्याकडं आहे, त्याला कुणी गिऱ्हाईक नाही. मी तो घासू देत नाही.

पैज मी रविवारी फेडून घेतली. मागच्या अंगणात, भंगारात टाकायच्या पातेल्यात, शेजारणीला विचारून विचारून एक अंडं उकडलं. जन्मात पहिल्यांदा. कवच फोडलं आणि वास आला. तोच! सराफ्याच्या तोंडाशी, कनवटीला ड्रमाचे पैसे बांधून उभी असलेली ती शहाणी पोरगी क्षणभर शेजारी येऊन उभी राहिली. मी तिला कोपर मारलं.

दिरांनी डोळे मिटले आणि अर्धं अंडं तोंडात टाकलं. चावले. थांबले. एक डोळा उघडून दाराकडं पाहिलं, जाऊबाई आत होत्या.

"मीठ आहे का?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मीठ दिलं. उरलेलं अर्धं त्यांनी सावकाश खाल्लं, बोटं चाटली आणि पातेल्यात वाकून बघितलं.

"वहिनी, अजून एक उकडता येईल?"

"येईल की," मी म्हटलं. "पण हे पैजेचं होतं, भावजी. दुसऱ्याचा भाव मी सांगेन तो."