वेटिंग लिस्टवरची नणंद

कानाच्या दवाखान्यात सकाळी आल्यावर ती आधी हेडफोन पुसायची आणि मग थोडा वेळ नुसती बसून राहायची. डॉक्टरांना ते ठाऊक होतं. तेवढा वेळ ते पेशंट आत पाठवत नसत. नंतर दिवसभर एकच काम. पेशंटला काचेपलीकडच्या बंद खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचे आणि सांगायचं, "आवाज आला की बटण दाबा. अगदी बारीक आला तरी दाबा." हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं की एकदा बसमध्ये डुलकी लागली असताना ती ते पुटपुटली आणि शेजारची बाई सरकून बसली.

पेशंटबरोबर घरची माणसं येत. रिपोर्ट हातात पडला की तिथेच त्यांची जुंपायची. मुलगा म्हणायचा, बाबा मुद्दाम ऐकत नाहीत. बाबा म्हणायचे, हाच मुद्दाम हळू बोलतो. तिचं काम कागदावरची रेघ समजावण्यापुरतं, पण ही माणसं लवकर उठत नसत आणि तिच्याने त्यांना उठवत नसे. बी.ए.ला तिचा विषय मानसशास्त्र होता. पुढे समुपदेशनात एम.ए. करायचं तिच्या मनात होतं, पण लग्न झालं, सासरे गेले, नोकरी लागली, आणि ते मनातच राहिलं.

चाळिशीच्या तोंडावर तिने पहिल्यांदा अर्ज केला. शिफारसपत्रासाठी जुन्या सरांना फोन केला, तर ते म्हणाले, "तू मागच्या बाकावर बसायचीस ती का?"

"नाही सर, पहिल्या."

सरांना काही केल्या आठवेना. पत्र मिळालं नाही, अर्ज बाद झाला. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी पत्र दिलं आणि ती मुलाखतीपर्यंत पोचली. तिथे पाठ करून नेलेलं सगळं घडाघडा बोलली. समोरच्या एका बाईंनी जांभई दाबली, ते तिला दिसलं. निकाल काय लागणार हे तिला तिथेच कळलं होतं.

तिसऱ्या वर्षी ती अर्ज भरणारच नव्हती. पण त्या वर्षी नणंदेचं बी.ए. पुरं झालं, तेही मानसशास्त्रातच. नणंदेला घरात ठकी म्हणत. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ठकी दप्तर घेऊन शाळेत जात होती. वहिनीला मूल झालं नाही. ठकीच्या वेण्या, ठकीचा अभ्यास, ठकीचे ताप हे सगळं तिनेच केलं.

"वहिनी, तूही भर ना गं. एकटीने मला धीर होत नाही."

सोबत म्हणून तिने भरला. दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलावर समोरासमोर बसल्या. हे शिक्षण का घ्यायचं आहे, यावर एक पानभर लिहायचं होतं. ठकीने वाचून दाखवलं, "लहानपणापासून मला इतरांना मदत करण्याची आवड आहे."

"आईंनी सकाळी निवडायला सांगितलेली भाजी अजून तशीच पडली आहे," वहिनी म्हणाली.

ठकी हसून लोटपोट झाली आणि तिने ते वाक्य खोडलं. त्या संध्याकाळी मजा आली होती, असं वहिनीला नंतर बरेचदा वाटे.

दोघींना मुलाखतीला बोलावलं. वहिनी दवाखान्यातून अर्धी रजा टाकून थेट गेली. या वेळी तिने काहीच पाठ केलं नव्हतं; तेवढं त्राणच नव्हतं. जांभई दाबणाऱ्या बाई याही वर्षी होत्या. त्यांनी विचारलं, "तुम्ही फार दमलेल्या दिसता. आज की नेहमीच?"

"नेहमीच."

"मग दुसऱ्यांचं ऐकणार कसं?"

तिने थोडा विचार केला. "काही दिवस नाही ऐकता येणार. दवाखान्यातही तसं होतं. मग मी पेशंटला सांगते, जरा थांबा, मी तोंडावर पाणी मारून येते. ऐकल्याचं नाटक केलं तर त्यांना लगेच कळतं. ऐकू येत नसलं तरी कळतं."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

निकाल लागला तेव्हा वहिनीचं नाव यादीत होतं. ठकी वेटिंग लिस्टवर होती, सगळ्यात वर. एक जागा सुटली की ती आत. ठकी "अभिनंदन वहिनी" म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. जेवायला आली नाही.

दोन दिवस घरात कोणी तो विषय काढला नाही. मग वहिनी कपडे वाळत घालत असताना सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. चिमटे तिच्या हातात देत म्हणाल्या, "तुला नोकरी आहे. तिचं सगळं पुढे आहे अजून. मी सांगत नाही हं, नुसतं मनात आलं ते बोलले."

रात्री तिने नवऱ्याला विचारलं. तो छापखान्यात बाइंडिंगला होता. सरसाचा वास त्याच्या बोटांवरून कधी जात नसे. "तुम्हाला काय वाटतं?"

"तू काहीही केलंस तरी एक जण रडणार," तो म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "मी काही बोललो तर दोघी रडतील," आणि कूस बदलली.

तिला झोप आली नाही. सोडायची सवय तिच्या अंगवळणी पडली होती. सोडून दिलं असतं तर घरात दुसऱ्याच दिवशी सगळं सुरळीत झालं असतं. ठकीसाठी जीव तुटत होता, तो खोटा नव्हता. तरी ती जागा ठकीला द्यावी असं काही केल्या मन घेईना. त्याला मोठं कारणही सापडेना. तिला ती हवी होती, एवढंच.

सकाळी चहा गाळताना ती म्हणाली, "आई, मी प्रवेश घेते आहे." सासूबाईंनी मान हलवली आणि कप उचलून बाहेर गेल्या. ठकीने ऐकलं. तिने वहिनीशी बोलणं टाकलं. कामापुरतं बोलायची, तेही भिंतीकडे बघून. यादी पुढे सरकलीच नाही.

वहिनीचे वर्ग दवाखाना सुटल्यावर असत. ती कितीदा तरी वर्गात पेंगली. वर्गातली पोरं तिला काकू म्हणत आणि आपल्या वह्या देत. सरावासाठी एकमेकांचं ऐकायचं असे, तिथे मात्र ती जागी राही. घरी आल्यावर ताट झाकून ठेवलेलं असे. ते सासूबाई ठेवत की ठकी, हे तिने कधी विचारलं नाही.

ठकीने वर्षभर एका शाळेत मतिमंद मुलांच्या वर्गावर मदतनीस म्हणून काम केलं. पुढच्या खेपेला तिने दुसऱ्या गावच्या कॉलेजात अर्ज केला. तिचं ते पान तिने वहिनीला दाखवलं नाही. तिला प्रवेश मिळाला.

जायच्या आदल्या दिवशी वहिनी तिची बॅग भरायला बसली. ठकी पलंगावर बसून बघत होती.

"वहिनी, तू तेव्हा जागा सोडली असतीस ना, तर मी घेतली असती. लाजसुद्धा वाटली नसती मला."

"माहीत आहे मला."

"राग नाही आला?"

"आला होता. तुझाही आला, माझाही. आता दमले गं." वहिनीने स्वेटर बॅगेत कोंबला. चेन लागेना. ठकी पलंगावरून उतरली, बॅगेवर बसली, आणि वहिनीने चेन ओढली.